इत्तिलाखोली

परवा रविवारी सकाळी नातीनं लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की माझ्या हातातला चहा बशीत सांडला. माझ्या भावाची नात ती, पण मला आजी म्हणते आणि पुण्यात तिच्याचकडे मी राहते. "सहाशे लोकांना एक गोष्ट कळवायचीय, आजी, आणि आमच्या त्या इंटरनल कम्युनिकेशनवाल्यांनी माझं लिहिलेलं तिसऱ्यांदा परत पाठवलं. म्हणे, हे नक्की कोणासाठी आहे ते कळत नाही!" एवढं बोलून ती अंघोळीला निघून गेली. तिनं ते सहज सांगितलं. माझ्या कानात मात्र दोनच शब्द राहिले. तिसऱ्यांदा. कोणासाठी. बशीतल्या चहावर साय धरेपर्यंत मी तशीच बसून राहिले, आणि हडपसरच्या नवव्या मजल्यावर, जिथं खिडकीतून सिमेंटशिवाय कशाचा वास येत नाही, तिथं माझ्या नाकात सरकीचा वास भरला. कोमट, तेलकट, कच्च्या शेंगदाण्यासारखा. त्यामागून घशात रुईचं बारीक तूस गेल्यासारखं झालं आणि मी खोकले. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला खोकला यायला कारण लागत नाही, म्हणून कोणी विचारलं नाही. पण मला कारण माहीत होतं. माझ्या हातात एक कागद होता, अकरा ओळींचा, सुंदर अक्षरातला, आणि मी तो घेऊन परभणीच्या कापसाच्या जिनात एका खोलीच्या दारात उभी होते.

तेव्हा निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे बावन्न चालू होतं, म्हणजे इंग्रजी त्रेचाळीस. मी बावीस वर्षांची. आम्ही चारठाण्याचे, घरची शेती. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, तेव्हा वडिलांनी कोणाचं न ऐकता मला जालन्याला दवाखान्यात काम शिकायला ठेवलं. दोन वर्षांनी परभणीच्या एका जिनिंग कंपनीनं मला नोकरी दिली. कापसाच्या हंगामात तिथं शंभरावर बाया राबत. त्यांची कापलेली बोटं बांधायची, खोकल्याला औषध द्यायचं, आणि तान्ह्या पोरांच्या झोळ्या माझ्या खोलीत बांधून घ्यायच्या, हे माझं काम. सगळ्या मला नर्सबाई म्हणत. माझं नाव कोकिळा आहे हे तिथं फार थोड्यांना माहीत असेल. मला ते नर्सबाई आवडत असे. पांढरं लुगडं, हातात घड्याळ; मी चालताना स्वतःकडे बाजूनं बघत चालत असे, असं आता वाटतं. हजेरीच्या बाकापासून माझ्या खोलीपर्यंत सत्तर पावलं होती आणि त्या सत्तर पावलांत मला कोणी पाहिलं नाही असा दिवस गेला की मला तो फुकट गेल्यासारखा वाटे.

जिनाचा आवाज मी कोणाला सांगू शकत नाही. कानात तो ऐकू येतच नव्हता, तो दातांत बसायचा. लांबच लांब शेडमध्ये जिनांच्या चार ओळी, प्रत्येक यंत्रासमोर एक बाई, ती कापूस घालत राहणार, पुढून रुई निघणार, खालून सरकी गळणार, आणि सगळी हवा पांढरी. शेजारच्या बाईच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी तिला कळत नसे. म्हणून त्या बाया हातांनी बोलायच्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं त्या अंगावरचं तूस झटकताहेत. मग एकदा दारात उभी राहून पाहिलं तर एका टोकाला कोणीतरी दोन बोटं हनुवटीखाली नेली आणि क्षणात सगळी ओळ हसायला लागली, वीस बाया, एकही आवाज न ऐकू येता. ती दोन बोटं म्हणजे मॅनेजर आबासाहेबांची दाढी होती हे मला नंतर कळलं. सासू, पाणी, पोर रडतंय, दळण संपलं, मुकादम आला, सगळ्याला हात होते. आणि या बोलीतली एक गंमत अशी की तरण्या पोरी बोलताना उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मुडपून धरत. का, ते मी विचारलं तर त्यांना सांगता येईना. "आसंच अस्तंय की." मग मी धुरपताबाईला पाहिलं. वीस वर्षं तिनं जिनात कापूस घातला होता, तिची शेवटची दोन बोटं यंत्रानं घेतली होती, आणि आता ती बायांना पाणी पाजायची. सगळ्यांना हातांनी बोलायला तिनं शिकवलं. तिच्या तुटक्या हाताचं बोलणं पोरींनी दहा धड बोटांनी जसंच्या तसं उचललं होतं. हे लक्षात आलं त्या दिवशी मी माझ्या खोलीत येऊन नुसती बसून राहिले होते. शिकवणं म्हणजे काय हे मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

धुरपताबाई इत्तिलाखोलीतली. दफ्तराचा सगळा कारभार उर्दूत, बाया मराठी बोलणाऱ्या, त्यातल्या एकीलाही अक्षर येत नाही. तेव्हा वरचं खाली आणि खालचं वर पोचवायला कंपनीनं एक खोली दिली होती, फाटक आणि वजनकाट्याच्या मधे. इत्तिला म्हणजे खबर; काही कळवायचं असलं की त्या खोलीतून. तिथं तिघं. दिनकरराव लिहिणारे, आधी कुठल्याशा शाळेत मास्तर होते. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते समोरच्याकडे उजवा खांदा पुढे करून बसत, आणि त्यामुळे ते सतत कोणाला तरी वाट करून देताहेत असं वाटे. दुसरा मुंजाजी, रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसकडच्या गड्यांना सांगणारा, आवाज असा की भोंगा बिघडला तर त्याला छपरावर चढवतील असं लोक म्हणत. आणि तिसरी धुरपताबाई. दिनकरराव कागदावर काही लिहीत नसत. पाटीवर लिहायचे. दफ्तरातून आलेला हुकूम पाटीवर मराठीत उतरवायचा, मग धुरपताबाईला वाचून दाखवायचा, आणि पाटी उलटी करून ठेवायची. ती आपल्या शब्दांत तो परत सांगणार. जे तिच्या सांगण्यात गळलं ते दिनकरराव ओल्या फडक्यानं पुसून टाकत. जिथं ती "मंग?" म्हणून थांबे तिथं एक शब्द वाढवत. त्यानंतर ती चालू जिनाच्या दारात उभी राहून तेवढंच हातांनी सांगे. एका वेळी तीनच गोष्टी. "चौथी हातात मावत न्हाई," ती म्हणायची, "सांडती." मला हे सगळं तेव्हा खेळ वाटायचा. मास्तराचा आणि पाणीवालीचा खेळ.

शिमग्याच्या आधी गंगाखेडकडून पटकीची बातमी आली. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी शुक्रवारी सकाळी लशीची पेटी पाठवली, सोबत उर्दू चिठ्ठी: आठ दिवसांत टोचून संपवा, नंतर उपयोग नाही. मी बाटल्या रांजणात ओल्या वाळूत ठेवल्या आणि लिहायला बसले. त्या अकरा ओळी मी तीनदा उतरवून काढल्या. त्यात पाण्यातले जंतू होते, रक्तातली ताकद होती, सरकारची मेहरबानी होती, आरोग्य हेच धन असंही बहुतेक होतं. अक्षर असं की छापल्यासारखं. मी तो कागद दिनकररावांकडे नेला तेव्हा मला वाटलं होतं ते म्हणतील, वा, नर्सबाई. त्यांनी उजवा खांदा पुढे करून सगळा वाचला. म्हणाले, "छान आहे. हे कोणासाठी आहे?"

"बायांसाठी."

"कोणत्या बायांसाठी? त्यांनी काय करायचं?"

मी म्हटलं, लिहिलंय की नवव्या ओळीत. ते म्हणाले, नवव्या ओळीपर्यंत कोण येणार, बाई? मी परत जाऊन नववी ओळ पहिली केली. त्यांनी तो कागद धुरपताबाईला वाचून दाखवला आणि तिला परत सांगायला लावलं. तिनं बराच वेळ विचार करून सांगितलं, "पान्यात किडे झालेत आनि सरकार लय चांगलं हाय." मुंजाजी इतका हसला की बाहेर वजनकाट्यावरचा माणूस डोकावला. माझे कान तापले. मी तिसऱ्यांदा लिहून नेलं, आता चारच ओळी. दिनकरराव वाचून म्हणाले, "सुई टोचल्यावर ताप येतो ना? तो यात नाही."

"ताप लिहिला तर कोण येईल?"

"ते नंतर बघू. येतो की नाही?"

"येतो. एक दिवस. दंडही सुजतो."

"मग तो घाला," ते म्हणाले आणि कागद परत माझ्याकडे दिला. अगदी नम्रपणे. त्या नम्रपणाचाच मला सगळ्यात जास्त राग आला. आता इतक्या वर्षांनी, नातीच्या बाथरूममधून पाण्याचा आवाज येत असताना, मी स्वतःला विचारते, तो राग कशाचा होता? मला बाया वाचवायच्या होत्या, हे खोटं नाही. पण माझं लिहिलेलं वाचलं जावं, हेही तितकंच जोरानं हवं होतं, आणि ही दोन हवंपणं आत एकमेकांना चिकटून बसली होती, रुई आणि सरकीसारखी. त्यांना वेगळं करायला यंत्र लागतं.

शनिवारी दुपारी मी इत्तिलाखोली ओलांडून थेट आबासाहेबांकडे गेले. मॅनेजरसाहेब माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. दाढी चोळत म्हणाला, "इतका काथ्याकूट कशाला? संध्याकाळी फाटकावर नावं वाचू. पहिल्या दोन ओळी उद्या, उरलेल्या परवा. नाव वाचलं म्हणजे कोण आली, कोण नाही, कळतं." मला ते पटलं. नावांची यादी माझ्याच अक्षरात. इत्तिलाखोलीत कोणाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी मी गेले नसते. संध्याकाळी भोंगा झाला, बाया तूस झटकत फाटकाशी जमल्या, हजेरीकारकुनानं घसा साफ केला आणि पहिलं नाव वाचलं: कडूबाई. दुसरं वाचायच्या आत मी जे पाहिलं ते मला आजही दिसतं. बायांनी दोन्ही तळव्यांनी कान दाबले. काहींनी पदर डोक्यावरून ओढून कानांत कोंबला. आणि तशाच, कान दाबून, खाली मान घालून, त्या मागे फिरल्या आणि सरकीच्या ढिगाकडच्या वाटेनं पळायला लागल्या. सरकीवरून पाय घसरत होते, पण कानांवरचे हात कोणी काढले नाहीत. कारकून वाचतच राहिला. मी समोर उभी. एकही बाई माझ्याकडे बघेना.

रविवारी मी सुया उकळून, ओसरीत टेबल मांडून दुपारपर्यंत बसले. कोणी आलं नाही. सोमवारी पहिल्या दोन ओळींतली चाळीस जिनं उभी होती. उरलेल्या दोन ओळींचा आवाज निम्मा झाल्यामुळे जिनात पहिल्यांदाच माणसाचं बोलणं ऐकू येत होतं आणि ते भीतिदायक होतं. तेव्हा मला कळलं ते असं: त्या जिनात फाटकावर नाव वाचत ते फक्त काढून टाकताना. हंगाम उतरला की शनिवारी संध्याकाळी नावं, आणि सोमवारपासून ती बाई कामावर नाही. पण एक जुना रिवाज बायांनी आणि मालकांनी दोघांनी पाळलेला होता, नाव त्या बाईच्या कानावर पडलं पाहिजे. ज्या बाईनं ऐकलं नाही, तिला ते लागू नाही. म्हणून त्यांनी कान झाकले. म्हणून सोमवारी घरीच राहिल्या, कोणी दारात येऊन नाव ऐकवू नये म्हणून काही आपापल्या गावी निघून गेल्या. मी त्यांना पटकीपासून वाचवायला निघाले होते आणि मीच त्यांना तिच्या तोंडाकडे पळवलं होतं. माझ्या खोलीत कडूबाईची झोळी रिकामी लटकत होती. पहिल्या ओळीतलं तिसरं जिन कडूबाईचं. तिची दीड वर्षाची लेक दिवसभर माझ्याजवळ असायची, माझं घड्याळ कानाला लावून बसायची. ती गंगाखेडच्या वाटेवरच्या पिंगळीची. पोरीला घेऊन रविवारीच पिंगळीला गेली असं कळलं.

दिनकरराव माझ्या ओसरीत आले तेव्हा मी मान वर केली नाही. त्यांच्या मागून मुंजाजी. तो गप्प कसा राहील? "नर्सबाई, तुमी तर भोंग्याच्या वरताण निघाल्या. भोंग्यानं बाया आत येत्यात. तुमच्या एका कागदानं चाळीस बाया हद्दपार!" मला रडू आलं नाही, रडू यावं इतकीही जागा आत उरली नव्हती. दिनकरराव त्याला म्हणाले, "मुंजाजी, जा, पाणी आण." मग मला म्हणाले, "चार दिवस राहिलेत ना? आपण चौघं आहोत." आपण चौघं. मी रविवारभर या माणसाची मनातल्या मनात भाषणं ऐकली होती, सांगितलं होतं ना, विचारलं असतं तर, वगैरे. त्यातलं एक वाक्यही त्यांनी कधी उच्चारलं नाही, पुढे दोन वर्षं मी तिथं होते तरी नाही. काही माणसांचं मोठेपण त्यांनी काय केलं यात सापडत नाही, हाताशी आलेलं काय केलं नाही यात सापडतं. त्यांनी पाटी गुडघ्यावर घेतली. "सांगा. अगदी थोडं."

मी सांगत गेले, ते पुसत गेले. धुरपताबाईनं परत सांगितलं. उरलं ते एवढं: सुई टोचायची. एक दिवस ताप येईल. नाव जाणार नाही. ती पाटी घेऊन आम्ही चौघं आबासाहेबांकडे गेलो. ते चाळीस बंद जिनांमुळे आधीच पेटलेले. "तापाचं काढून टाका. तापाचं ऐकून उरलेल्या चाळीसही पळतील."

दिनकरराव म्हणाले, "साहेब, न सांगता ताप आला, तर पुढच्या खेपेला मी आग लागली म्हणून ओरडलो तरी बाया बसून राहतील."

"मी हुकूम देतो, काढा."

दिनकररावांनी पाटी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि लेखणीही. "मग हुकूम तुम्हीच सांगा, साहेब. माझ्या तोंडून खोटं गेलं की माझा उपयोग संपला, मग मला ठेवून तरी काय करता?" आवाज चढला नव्हता. उजवा खांदा नेहमीसारखा पुढे. त्यांच्या घरी आई होती, तीन लेकरं होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. खोलीत फक्त निम्म्या जिनाचा आवाज. आबासाहेबांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाढी चोळली. "तापानं ज्या घरी राहतील त्यांची जागा जाणार नाही, असंच ना? जा, सांगा." आम्ही पाटी उचलून बाहेर पडलो.

मला वाटलं आता धुरपताबाई दारात उभी राहून सांगेल आणि झालं. ती म्हणाली, "मी न्हाई. तुमी सांगायचं. नाव तुमच्या कागदावरून वाचलं, तुमीच परत घ्यायचं." तिनं मला मागच्या अंगणात हात शिकवले. दंडाला चिमटा, म्हणजे सुई. कपाळाला हात लावून बघायचं, म्हणजे ताप. तळव्यावर बोट फिरवून मूठ मिटायची, म्हणजे नाव राहिलं. आणि आधी, सगळ्यांच्या आधी, कपाळावर उलटा तळवा आपटायचा, म्हणजे माझं चुकलं. "जोरात," ती म्हणाली, "लाजायलाव कशाला? चुकताना न्हाई लाजल्या." चालू जिनाच्या दारात मी उभी राहिले. दातांत आवाज. मी कपाळावर तळवा आपटला. माझ्या लक्षात आलं की मीही शेवटची दोन बोटं मुडपली आहेत. मग सुई, ताप आणि नाव सांगितलं. चाळीस बाया हातातलं काम न थांबवता माझ्याकडे बघत होत्या. कोणी हसलं नाही. मग माझ्या शेजारी धुरपताबाई स्टूल टाकून बसली आणि तिनं चोळीची बाही वर सारली. "टोचा," ती मला ओरडून म्हणाली. त्या दारात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मी पहिली सुई तिला टोचली. नंतर कितीतरी हातांना टोचलं, हजारोंना असेल. पण कातडीखाली सुई जाताना माझी बोटं इतकी जागी पुन्हा कधी नव्हती.

तरी कोणी पुढे आलं नाही. मला ते सहन होईना. सोमवार गेला. मंगळवारी धुरपताबाई तापानं फणफणलेली, डोळे लाल, आणि तशीच येऊन दारात बसली. मी म्हटलं, मावशी, घरी जा, झोपा. "झोपले तर दिसंन कसा ताप?" ती म्हणाली. बाया येता-जाता तिच्या कपाळाला हात लावून बघत. दुपारी बातमी आली की पिंगळीच्या खालच्या आळीत दोन माणसं गेली. मी दिनकररावांकडे धावले. आपण नुसते बसलोय, तीनच दिवस उरलेत, काहीतरी करा. ते म्हणाले, "ताप उतरू द्या. त्या तेच बघताहेत." थांबणं हेही काम असतं, आणि ते काम करताना माणूस काहीच करत नाही असं दिसतं, हे मी त्या एका दिवसात शिकले, शिकले म्हणजे आवडलं असं नाही. झोळीकडे माझी नजर जायची आणि मी ती काढून घडी करून ठेवायचे, पुन्हा बांधायचे. बुधवारी सकाळी धुरपताबाई आली ती मुकादमाला शिव्या देतच. तिनं दारात उभं राहून एक बोट उगवतीकडून मावळतीकडे नेलं, एक दिवस, आणि कपाळावरून हात झटकला. गेला. त्यानंतर मी मान वर करून बघेपर्यंत ओसरीपुढे रांग होती. गावातल्या पळालेल्याही रांगेत होत्या, त्यांना रात्रीतून कोणी सांगितलं कोण जाणे. फक्त पिंगळीच्या सात जणी नव्हत्या. त्यांना आणायला मुंजाजी निघाला तेव्हा मी चिठ्ठी लिहायला घेतली. दिनकररावांनी हळूच माझा हात धरला. "कागद नको. कागद दिसला की पळतील." चिठ्ठीच्या जागी धुरपताबाईच गेली, सुजलेला दंड घेऊन, गाडीनं. संध्याकाळी सातही जणी आल्या. कडूबाई शेवटी उतरली, लेक कडेवर.

गुरुवारी तिनं स्वतःला टोचून घेतलं. पोरीला मात्र नाही. "आधी माझं बगू. मंग तिचं." पेटीत शेवटची एक लहान बाटली उरली होती, बंद. चिठ्ठीप्रमाणे शुक्रवारी सूर्य मावळला की तिचं पाणी होणार. मी ती पोरीसाठी वाळूतच ठेवली. आबासाहेबांच्या बंगल्यावरून कोणाच्या तरी भाच्यासाठी निरोप आला होता, तरी ठेवली.

शुक्रवारी दुपारी कडूबाई जिन सोडून माझ्या दारात. लेक कडेवर, डोळ्यांत राग. "नर्सबाई, मला कोनती सुई टोचली?"

"सगळ्यांना टोचली तीच."

"मंग मला ताप कामून न्हाई आला? माझ्या दोन्ही अंगाच्या बाया पडल्यात तापानं. मीच आपली टकाटका कापूस घालायलेय. बाटली सरत आली व्हती म्हून मला पानी टोचलं का? येक दिस ताप येईल म्हनलं व्हतं तुमी. मला आला न्हाई."

येईल, येईल, थोडा वेळ थांब, असं म्हणून टाकावं असं वाटलं. किंवा कपाळाला हात लावून, अगं, आहे की अंग कोमट, असं. दोन्ही वाक्यं जिभेवर तयार होती. मी तिला थांबवून इत्तिलाखोलीत गेले. दिनकररावांनी ऐकून घेतलं. विचारलं, "खरं काय आहे?"

"काहींना ताप येत नाही. तरी लस लागू होते. बहुतेक."

"बहुतेक?"

"हो. शंभरांतल्या शंभर वाचतात असं नाही. पाणी उकळून प्यायलाच लागतं."

ते उठले. माझ्याबरोबर स्वतः आले. कडूबाईनं पदर सावरला, पण डोळे खाली केले नाहीत. ते म्हणाले, "कडूबाई, चूक माझी. येईल म्हणालो. बहुतेकींना येतो, असं म्हणायला पाहिजे होतं. ते मी पुसून टाकलं, हातात मावत नव्हतं म्हणून."

 ती माझ्याकडे वळली. "आनि ही सुई? लागू व्हईल का न्हाई?"

"बहुतेक होईल," मी म्हटलं. "नक्की म्हणता येत नाही. पण न टोचण्यापेक्षा खूप बरं. आणि पाणी उकळायचं."

बाहेर वजनकाट्यावर कोणीतरी गाठी मोजत होतं. ओसरीतली सावली खांबापर्यंत आली होती. कडूबाईनं आपला दंड दाबून पाहिला. दुखलं असावं, तोंड वाकडं झालं. पोरगी माझ्या मनगटाकडे हात लांबवत होती. "नक्की म्हनला असता तर गेले आस्ते पिंगळीला," कडूबाई म्हणाली. तिनं तिथंच खाली बसकण मारली, पोरीला मांडीवर आडवं घेतलं आणि तिच्या झबल्याची गाठ सोडायला लागली.